बापाची भट्टी, मुलाचे रसायन

आपल्या घरात दोन प्रकारची मातीची भांडी असतात. एक पाण्याचा माठ आणि दुसरी लोणच्याची बरणी. माठातून पाणी पाझरते, म्हणून तो पाणी गार करतो. बरणीतून मात्र तेलाचा थेंबही बाहेर येत नाही, म्हणून तीत लोणचे वर्षभर टिकते. दोन्ही मातीचीच, दोन्ही भाजलेली. मग हा फरक कशामुळे?

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. फुटक्या माठाची खापरी आणि फुटक्या बरणीचा तुकडा घ्या. दोन्ही उन्हात चांगले वाळवून त्यांचे वजन करा. मग रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी वरवर पुसा आणि पुन्हा वजन करा. खापरीचे वजन शेकडा दहा किंवा त्याहूनही जास्त वाढलेले दिसेल. बरणीचा तुकडा चांगला भाजलेला असेल, तर वाढ शेकडा दोन-तीनच्या आत राहील. माठ साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजला जातो. त्याचे कण एकमेकांना फक्त चिकटतात, मधल्या फटी तशाच राहतात. बरणीची माती १२०० अंशांच्या वर जाते. तिथे मातीतील काही घटक वितळतात, फटींत भरतात आणि थंड होताना त्यांची काच बनते. अशा भांड्याला इंग्रजीतून आलेला ‘स्टोनवेअर’ हा शब्द आपण वापरू. माठासारख्या सच्छिद्र भांड्याला ‘अर्दनवेअर’ म्हणू.

हा चारशे-पाचशे अंशांचा फरक हाताने भांडी घडवणाऱ्या एका कुटुंबाच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज या गावात लीच कुटुंबाने १९२० साली भट्टी उभारली. तिची ही हकिगत. कलेच्या पुस्तकांत ती बहुधा बापाच्या नावाने सांगितली जाते. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र ती मुलाच्या बाजूनेही पाहावी असे मला वाटते.

चित्रकार कुंभार होतो

बर्नार्ड लीचचा जन्म १८८७ साली हाँगकाँगमध्ये झाला. आई बाळंतपणातच गेली, आणि पहिली काही वर्षे तो आजी-आजोबांकडे जपानमध्ये वाढला. पुढे लंडनला चित्रकला आणि एचिंग, म्हणजे आम्लाने धातूचा पत्रा कोरून चित्रे छापण्याची कला शिकून, १९०९ साली तो पुन्हा जपानला गेला. जपानी लोकांना एचिंग शिकवावे हा त्याचा बेत होता.

१९११ मध्ये तो मित्रांच्या एका मेळाव्याला गेला. तिथे पाहुण्यांना कच्ची भाजलेली भांडी दिली होती. प्रत्येकाने आपल्या भांड्यावर चित्र काढायचे, मग त्यावर झिलईचा थर देऊन ते छोट्या भट्टीत घालायचे. अर्ध्या-पाऊण तासात लालबुंद भांडी चिमट्याने बाहेर काढून उघड्या हवेत ठेवली. बर्नार्डला वाटले, आता तडकणार. पण भांडे टिकले. जपानमधील ‘राकू’ नावाची ही पद्धत. तिची माती मुद्दाम जाडीभरडी आणि सच्छिद्र ठेवलेली असते. त्यामुळे एकाएकी थंड होताना पडणारा ताण त्या फटींत जिरतो, तडा पुढे धावत नाही. बर्नार्डला तेव्हा हे कारण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो फक्त भारावून गेला आणि कुंभारकाम शिकू लागला.

त्याचा मोठा मुलगा डेव्हिड त्याच वर्षी, १९११ मध्ये, तोक्योत जन्मला.

सेंट आइव्ह्जची अडचण

१९२० साली बर्नार्ड कुटुंबासह इंग्लंडला परतला. सेंट आइव्ह्जमध्ये हस्तव्यवसायांना उत्तेजन देणारी एक मंडळी होती. तिच्या आश्रयाने त्याला कुंभारशाळा काढता आली. त्याच्याबरोबर एक तरुण जपानी मित्र होता, शोजी हमादा. दोघांनी मिळून गावाबाहेर ओढ्याकाठी जागा बांधून काढली आणि जपानी धर्तीची चढती भट्टी रचली.

ही चढती भट्टी समजून घेण्यासारखी आहे. उतारावर एकापुढे एक, पायऱ्यांसारख्या खोल्या असतात. जाळ सर्वांत खालच्या खोलीत घालतात. त्या खोलीतील तापलेले वायू थेट धुराड्यातून निघून न जाता वरच्या खोलीत शिरतात आणि तिथली भांडी आधीच तापवून ठेवतात. पहिली खोली झाली की दुसरीच्या बाजूच्या भोकातून लाकूड टाकायचे. तिला अर्धी उष्णता फुकट मिळालेली असते. पूर्वेकडील कुंभारांनी हे तंत्र शेकडो वर्षे वापरले आहे. वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरण्याचा विचार आपण आज कारखान्यांच्या संदर्भात शिकवतो. तो इथे मातीच्या विटांत बांधलेला आहे.

पण सेंट आइव्ह्जची पहिली भट्टी नीट चालेना. शेवटी जपानमधून त्सुरुनोसुके मात्सुबायाशी नावाचा, पिढीजात कुंभार घराण्यातला जाणकार आला आणि त्याने १९२२-२३ च्या सुमारास तीन खोल्यांची भट्टी नव्याने बांधली. पश्चिमेकडील देशांत अशी भट्टी त्यापूर्वी नव्हती असे मानले जाते.

भट्टी झाली, तरी दोन अडचणी राहिल्याच. पहिली लाकडाची. कॉर्नवॉलचे टोक समुद्राच्या वाऱ्याने झोडपलेले, तिथे झाडे कमी. जपानच्या डोंगरातली भट्टी इथे आणून बसवली, पण डोंगरातले जंगल कसे आणणार?

दुसरी अडचण मातीची, आणि ती तर चक्रावणारी होती. कॉर्नवॉल हा पांढऱ्या चिनी मातीसाठी, म्हणजे केओलिनसाठी, जगप्रसिद्ध प्रदेश आहे. अठराव्या शतकात विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्याला तिथे ही माती सापडली आणि १७६८ साली त्याने तिच्यापासून पोर्सेलीन करण्याचे एकस्व घेतले. मग मातीच्या खाणीशेजारी बसून कुंभाराला माती मिळू नये? कारण असे, की कॉर्नवॉलचे केओलिन ग्रॅनाइट खडकातील फेल्डस्पार जागच्या जागी कुजून तयार झालेले आहे. त्याचे कण तुलनेने मोठे असतात. चाकावर भांडे उभे राहायला माती लवचिक हवी, ओढली की वळली पाहिजे आणि वळली की तशीच राहिली पाहिजे. हा गुण अतिबारीक, पातळ पापुद्र्यांसारख्या कणांमुळे येतो. त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो आणि ते एकमेकांवरून घसरतात. नदीने वाहून नेलेली, वाटेत दळली गेलेली, तळ्यात साचलेली माती अशी असते. आपला कुंभार तळ्याचा गाळ शोधत फिरतो, तो याचसाठी. खाणीतली पांढरीशुभ्र माती दिसायला देखणी, पण चाकावर ती फाटते.

लीचच्या कारखान्यात या काळात दोन प्रकारचे काम होई. जपानी-चिनी वळणाचे स्टोनवेअर, आणि जुन्या इंग्रजी पद्धतीचे अर्दनवेअर. या दुसऱ्या भांड्यांवर पातळ कालवलेल्या मातीने नक्षी काढत आणि वरून शिशाची झिलई देत. शिशामुळे झिलई कमी तापमानाला वितळते आणि झळाळते. पण अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर शिसे अन्नात उतरू शकते, आणि झिलई कालवणाऱ्याच्या शरीरात तर ते जातेच. भांडी कमी तापमानाची असल्याने ठिसूळ होती, कडा उडत. कलाप्रेमी त्यांचे कौतुक करीत. रोजच्या स्वयंपाकघरात ती टिकत नसत. बर्नार्डची कीर्ती वाढत होती आणि धंदा कसाबसा तग धरून होता.

हमादा काय शिकून आला होता

इथे थोडे थांबून हमादाकडे पाहू. चाकावर बसलेला, मितभाषी, निसर्गाच्या जवळचा लोककुंभार अशी त्याची प्रतिमा जगभर झाली. १९५५ साली जपान सरकारने त्याचा मोठा सन्मान केला. पण हमादाचे शिक्षण तोक्योच्या उच्च तांत्रिक शाळेत झाले होते. तिथे त्याने मृत्तिका-तंत्रविद्या शिकली. नंतर क्योतो शहराच्या मृत्तिका-संशोधन संस्थेत त्याने कांजिरो कावाई या मित्राबरोबर झिलईचे हजारो नमुने करून पाहिले. म्हणजे सेंट आइव्ह्जला आलेला हा ‘पूर्वेचा कारागीर’ प्रयोगशाळेतून आलेला होता. कोणत्या राखेत काय आहे, कोणता दगड किती अंशांना वितळेल, हे त्याने नोंदवून, तपासून शिकलेले होते. बर्नार्ड स्वतः चित्रकार होता. त्याच्याकडे नजर होती, आकाराची जाण होती. रसायनाची बाजू हमादाकडे होती.

हमादा १९२३ च्या अखेरीस जपानला परतला. त्याच्याबरोबर कारखान्याचे रसायनही गेले म्हणायला हरकत नाही.

मुलगा स्टोकला जातो

१९३० साली, एकोणीस वर्षांचा डेव्हिड वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. त्याने जे पाहिले, ते कोणत्याही छोट्या व्यवसायात वाढलेल्या मुलाला परिचयाचे वाटेल. वडिलांचे नाव मोठे, गल्ला रिकामा. महिन्याभराचे काम भट्टीत जाई, आणि दार उघडल्यावर त्यातले किती विकण्याजोगे निघेल याचा भरवसा नसे. झिलई कधी वाहून भांडे खालच्या फळीला चिकटे, कधी तिच्यावर बारीक भेगांचे जाळे उठे, कधी भांडेच तडके. का, हे नेमके सांगता येत नसे.

या काळात डार्टिंग्टन हॉल या संस्थेने लीच कुटुंबाला हात दिला. तिचे संस्थापक लिओनार्ड आणि डोरोथी एल्महर्स्ट. लिओनार्ड यांचे नाव आपल्याकडे परिचित असायला हवे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या बोलावण्यावरून ते बंगालमध्ये आले आणि १९२२ साली श्रीनिकेतनची ग्रामपुनर्रचनेची संस्था त्यांनी उभी केली. तिथला अनुभव घेऊनच त्यांनी पुढे १९२५ मध्ये डार्टिंग्टनला ग्रामीण उद्योग आणि शिक्षण यांचा प्रयोग सुरू केला. बर्नार्डला १९३४ साली जपानला जाता आले ते त्यांच्याच मदतीने.

वडील असे जपान आणि डार्टिंग्टनकडे असताना, त्या दशकाच्या मध्यावर डेव्हिडने एक निर्णय घेतला. त्याने स्टोक-ऑन-ट्रेंट येथील तांत्रिक महाविद्यालयात, मातीकामाच्या कारखान्यांचे व्यवस्थापक तयार करणाऱ्या अभ्यासक्रमाला नाव घातले.

हा निर्णय किती धाडसाचा होता हे कळण्यासाठी स्टोक काय आहे ते माहीत हवे. स्टोक म्हणजे इंग्लंडच्या यंत्रावरील चिनीमाती उद्योगाची राजधानी. साच्यात ओतलेल्या, छापील नक्षीच्या लाखो बशा तिथे निघत. बर्नार्ड आणि त्याच्या विचाराचे कुंभार ज्याच्या विरोधात उभे होते, ते सारे स्टोकमध्ये होते. त्या मंडळींच्या बोलण्यात स्टोक हे नाव फारशा आदराने येत नसे. खादीचे व्रत घेतलेल्या घरातला मुलगा गिरणीच्या शाळेत शिकायला जावा, तसेच हे.

शाळेत काय मिळाले

डेव्हिडला तिथे जे शिकता आले, त्याचा गाभा आपल्या दहावी-बारावीच्या रसायनशास्त्रापलीकडचा नाही. एक उदाहरण घेऊ.

लीच नावाशी जोडलेली एक झिलई जगभरचे कुंभार आजही वापरतात. तिची कृती लक्षात ठेवायला सोपी आहे: चार भाग फेल्डस्पार, तीन भाग गारगोटीची पूड, दोन भाग चुनखडीची पूड, एक भाग चिनी माती. चार-तीन-दोन-एक. भट्टीत १२५० अंशांच्या पुढे तिची स्वच्छ, टणक काच होते.

हे चार पदार्थ काय करतात? गारगोटी म्हणजे सिलिका, काचेचा मूळ घटक. पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश लागतात. तिथवर जाण्याआधी भांडेच वितळेल. म्हणून तिला लवकर वितळवणारा सोबती हवा. फेल्डस्पारमधील पोटॅशियम आणि चुनखडीतील कॅल्शियम हे काम करतात. पण एवढ्यावर झिलई पाण्यासारखी पातळ होऊन ओघळेल. तिला दाट करते अॅल्युमिना, ती फेल्डस्पार आणि चिनी मातीतून मिळते. एकाने काच करायची, एकाने वितळवायची, एकाने धरून ठेवायची.

आता विद्यार्थ्यांना एक गणित घाला. १०० ग्रॅम कोरड्या मिश्रणात ४० ग्रॅम फेल्डस्पार, ३० ग्रॅम सिलिका, २० ग्रॅम चुनखडी आणि १० ग्रॅम चिनी माती आहे. भट्टीतून किती ग्रॅम काच मिळेल? चुनखडीचा रेणुभार १००, त्यातून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड निघून जातो. म्हणजे २० ग्रॅमपैकी ८.८ ग्रॅम वायू झाला. चिनी मातीचा रेणुभार २५८, त्यातून पाण्याचे दोन रेणू, म्हणजे ३६ भाग जातात. १० ग्रॅमपैकी सुमारे १.४ ग्रॅम वाफ झाली. उरले ८९.८ ग्रॅम. वायू आणि वाफ बाहेर पडण्याआधीच झिलईचा पृष्ठभाग वितळून बंद झाला, तर बुडबुडे अडकतात आणि फुटून सुईच्या टोकाएवढी भोके राहतात. म्हणून त्या टप्प्यावर भट्टी सावकाश चढवायची. ‘सावकाश चढव’ हे जुना कुंभारही सांगतो. पण नेमके कुठे सावकाश आणि कुठे घाई चालेल, हे हिशेबाने कळते.

भेगांच्या जाळ्याचेही तसेच. थंड होताना झिलई आणि भांडे दोन्ही आकसतात. झिलई जास्त आकसली, तर तोकड्या अंगरख्यासारखी ताणली जाऊन फाटते. उपाय म्हणजे कमी आकसणारी सिलिका थोडी वाढवायची. वाढवायची, हे लक्षात घ्या. अंदाजाने माणूस बहुधा उलटेच करील, कारण भेगा पडल्या की झिलई ‘कडक झाली’ असे वाटते.

तडकण्याबद्दल माझा स्वतःचा एक धडा सांगतो. डॉक्टरेटच्या काळात मी माती आणि वाळूच्या वड्या भाजत असे. एकदा घाईत होतो. भट्टी ६०० अंशांच्या आसपास असताना दार किलकिले केले. ६०० अंश म्हणजे भाजणे कधीच संपले, आता काय बिघडणार, असा विचार. दुसऱ्या दिवशी तिन्ही वड्यांना आरपार तडे. गारगोटीचे स्फटिक ५७३ अंशांना आपली रचना बदलतात आणि थंड होताना एकाएकी आक्रसतात. बाहेरची बाजू ५७३ च्या खाली आणि आतली वर, अशी स्थिती मी स्वतःच आणली होती. हा आकडा पुस्तकात मी अधोरेखित केलेला होता. पुस्तकातला आकडा आणि हातातली भट्टी यांची गाठ घालून द्यावी लागते, ती आपोआप पडत नाही.

परतल्यावर

डेव्हिड १९३७ च्या सुमारास सेंट आइव्ह्जला परतला. त्यानंतर काही वर्षांत कारखान्याचे रूप पालटले. शिशाच्या झिलईचे अर्दनवेअर टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि सारा भर स्टोनवेअरवर आला. लाकडाऐवजी तेलाचे बर्नर बसले. माती मळण्याचे कष्ट यंत्राकडे गेले. गावातील तरुणांना उमेदवार म्हणून घेण्यात आले. १९३८ साली शाळा सोडून आलेला विल्यम मार्शल हा त्यांतला पहिला. पुढे तो त्या कारखान्याचा प्रमुख कारागीर झाला.

यंत्राकडे काय गेले आणि हाताकडे काय राहिले, हे नीट पाहण्यासारखे आहे. चाकावर घडवणे, कान जोडणे, झिलईत बुडवणे, कुंचला फिरवणे हे सारे हातानेच होत राहिले. बदलले ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे. मातीचे मिश्रण तोलून होऊ लागले, झिलई हिशेबाने, भाजणे मोजून. मोजायला केवळ तापमापक पुरत नाही, कारण मातीवर परिणाम तापमानाचा आणि वेळेचा मिळून होतो. त्यासाठी झिलईसारख्याच मिश्रणाचे छोटे सुळके भट्टीत ठेवतात. ठरावीक तापणे झाले की सुळका मान टाकतो. हरमान सेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली ही युक्ती काढली. भांड्याला काय झाले हे भांड्याच्याच भावंडाला विचारायचे, अशी ही रीत.

रोजच्या वापराच्या भांड्यांची एक ठरावीक मालिका आखली गेली. सूपचे वाडगे, झाकणाची भांडी, कप, दुधाचे जग, वजन आणि माप ठरवून केलेले, छापील यादीतून टपालाने मागवता येणारे. सर्व कारागीर ही भांडी करीत आणि त्यांवर एकाचे नाव नसे, कारखान्याचा शिक्का असे. माठ आणि बरणीतला तो फरक आता धंद्याच्या कामी आला होता. भांडी पाझरत नव्हती, विषारी नव्हती, ओव्हनमध्ये चालत होती.

आणि सौंदर्य? ते हिशेबाने मेले का? उलट, बर्नार्डला प्रिय असलेले चिनी-जपानी रंग आता भरवशाने मिळू लागले. झिलईत शेकडा एक-दोन लोह असेल आणि भट्टीत हवा कमी ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड फेरिक ऑक्साइडचे क्षपण करून फेरस बनवतो, आणि पाचूसारखी निळसर हिरवी झाक येते. लोह आठ-दहा टक्के केले, तर तीच झिलई काळी, आणि कडांवर गंजासारखी तांबूस होते. एकच मूलद्रव्य, प्रमाण आणि हवा वेगळी.

१९४० साली बर्नार्डचे ‘ए पॉटर्स बुक’ हे पुस्तक निघाले. त्यात सौंदर्यविचार आहे, तसेच मातीच्या आणि झिलईच्या कृती, भट्टीचे आराखडेही आहेत. कुंभाराने आपली कृती लपवायची, मुलालाच सांगायची, हा जगभरचा रिवाज. इथे ती सर्वांसाठी छापली गेली. एका कुटुंबाचे ज्ञान शेकडो अनोळखी लोकांच्या हाती गेले.

हिशेबाची दुसरी बाजू

हे सारे सुखान्त कथेसारखे वाटेल. तसे ते नव्हते. १९४१ च्या जानेवारीत हवाई सुरुंग पडून कारखान्याची बरीच पडझड झाली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये बाप-लेक भागीदार झाले. बर्नार्ड प्रवास आणि व्याख्याने करी, १९५० च्या दशकाच्या आरंभी तर हमादाबरोबर अमेरिका आणि जपान फिरून आला. घरी रोजची भट्टी, उमेदवारांची शिकवण, हिशेब हे डेव्हिड पाहत होता. जगात मात्र लीच म्हणजे बर्नार्ड. १९५५ मध्ये डेव्हिड बाहेर पडला आणि डेव्हनमधील बोव्ही ट्रेसी गावाजवळ त्याने स्वतःची भट्टी मांडली. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. धाकटा भाऊ मायकेल यानेही त्याच सुमारास वेगळा कारखाना काढला. सेंट आइव्ह्जचा कारभार मग बर्नार्डची पत्नी, अमेरिकन कुंभार जॅनेट लीच, हिच्याकडे आला.

बोव्ही ट्रेसीला डेव्हिडने जो प्रश्न सोडवला, तो १९२० साली वडिलांसमोर उभा असलेलाच होता. कॉर्नवॉलची पांढरी माती चाकावर कशी चढवायची? त्याने चिनी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांच्या मिश्रणात शेकडा पाचच्या आसपास पांढरे बेंटोनाइट घातले. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या या मातीचे कण अतिशय बारीक असतात आणि पाणी धरून ठेवतात. तेवढ्याने ती हट्टी माती वळू लागली, आणि भाजल्यावर प्रकाश आरपार जाईल इतके पातळ पोर्सेलीन हाताने घडवता येऊ लागले. त्याच्या नावाची ही तयार माती विकत मिळू लागली. २००५ साली तो गेला.

त्याचा मुलगा जॉन याने १९६० च्या दशकात सॉमरसेटमधील मचेल्नी येथे कारखाना काढला आणि १९७० च्या दशकात लाकडाची भट्टी बांधली. आजोबांचे लाकूड, बापाचे तेल, नातवाचे पुन्हा लाकूड. मग मधली पिढी फुकट गेली का? नाही. जॉनला जवळच्या करवतगिरण्यांतून लाकडाचे उरलेसुरले तुकडे मिळत होते, आणि ज्वाळेने बाहेरून खरपूस झालेले भांडे त्याला हवे होते. आजोबांनी लाकूड वापरले कारण त्यांना तेच ठाऊक होते. नातवाने ते निवडले. जॉन २०२१ साली गेला.

बर्नार्ड १९७९ मध्ये वारला आणि ती ठरावीक भांड्यांची मालिका थांबली. २००८ साली सेंट आइव्ह्जची वास्तू दुरुस्त करून पुन्हा खुली झाली. तिथे संग्रहालय आहे, आणि शेजारच्या खोलीत तरुण कुंभार चाकावर बसून रोजच्या वापराची भांडी पुन्हा करू लागले.

आपल्या वाड्यातला प्रश्न

या घराण्याचा एक धागा भारतात येतो. सरदार गुरुचरण सिंग हे भूविज्ञानाचे पदवीधर १९१९ साली जपानला मातीकाम शिकायला गेले. तिथे त्यांची बर्नार्ड लीच आणि त्याच्या मित्रांशी ओळख झाली. १९५२ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी’ सुरू केली आणि पुढे त्यांच्या मुलाने हिमाचलातील अंद्रेटा येथे काम चालू ठेवले. म्हणजे तिथेही दगडांची विद्या शिकलेला माणूसच चाकापाशी आला.

आमच्या गावच्या कुंभारवाड्यात मी लहानपणापासून एक वाक्य ऐकत आलो आहे: “पोरगं शिकलं की चाक सुटतं.” ते खोटे नाही. आपण शिकवतो ते असेच, की शिकलेल्याने चाकाकडे परत जाऊ नये. कुंभाराची मुलगी आपल्या वर्गात बसते, फेरिक आणि फेरस ऑक्साइड पाठ करते, आणि घरी आवा उघडल्यावर काही मडकी लाल तर काही काळी का निघाली, याचे उत्तर आपण वहीत लिहिले आहे हे तिला कुणी सांगत नाही. आवा जिथे कोंदटला तिथे मडकी काळी होतात. तिची आजी हे जाणते, रसायनशास्त्राचे पुस्तकही जाणते. दोघींची गाठ पडलेली नाही.

तुमच्या शाळेच्या गावात आवा लागत असेल, तर एकदा वर्ग तिथे न्या. आधी कुंभारदादांची परवानगी घ्या आणि शिकवायला म्हणून नव्हे, विचारायला म्हणून जा. लाल मडके कुठल्या थरातून निघाले, काळे कुठल्या, हे मुलांना कागदावर मांडू द्या. तळ्याच्या कोणत्या बाजूची माती आणली आणि दुसऱ्या बाजूची का नाही, हेही विचारा. मग खापरीचे ते वजन करा. घरच्या मुलीला हिशेब मांडू द्या.